मदत हवी आहे: 'प्रीच' (बायबलमधलं वचन घेऊन रीतसर बोलणं) आणि 'एक्झॉर्ट' (लोकांना कळकळीने विनवणं) यांना मराठीत वेगवेगळे शब्द कोणते?

दिवाळी अंकासाठी सुरुवातीच्या मेथडिस्ट (एक ख्रिस्ती पंथ) बायकांवर लेख लिहायला घेतलाय आणि तीन दिवस एकाच जागी अडकलेय.

प्रसंग असा. फेब्रुवारी १७६१, इंग्लंडमधलं डर्बी. सारा क्रॉस्बी 'क्लास' घ्यायला गेली. क्लास म्हणजे शिकवणी नव्हे. मोजक्यांनी जमायचं आणि प्रत्येकाच्या आत्म्याचं कसं चाललंय ते विचारायचं. यायचे होते तीसेक, आले जवळजवळ दोनशे! एकेकाशी बोलणार कसं? मग तिने एक गीत सांगितलं, प्रार्थना केली, आणि देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगून टाकलं. आपण हे बरोबर केलं का, म्हणून मेथडिस्टांचा पुढारी जॉन वेस्ली याला पत्र. त्याचं उत्तर साधारण असं: तू मर्यादा ओलांडलेली नाहीस, फक्त लोकांना सांग की मेथडिस्टांत बायका प्रीच करत नाहीत, मी आपलं मनातलं बोलतेय.

वेस्लीने तिला १७६९ च्या पत्रात तर पथ्यंच दिलीत. प्रार्थनेत मधूनमधून थोडं एक्झॉर्ट कर. पण बायबलमधलं वचन घेऊन बोलायचं नाही, चार-पाच मिनिटांवर सलग बोलायचं नाही. (काय वकिली डोकं!) १७७१ मध्ये मेरी बोझँकेट या दुसऱ्या मेथडिस्ट बाईने सरळ मुद्दे मांडून पत्र लिहिलं, तेव्हा कुठे त्याने तिचं 'असाधारण पाचारण' (देवाकडून आलेलं खास बोलावणं) मान्य केलं. तो १७९१ मध्ये गेला आणि १८०३ च्या कॉन्फरन्सने (मेथडिस्टांच्या वार्षिक सभेने) बायकांना जवळपास गप्पच केलं.

दोन्हीकडे 'उपदेश' लिहिलं तर ही सगळी पळवाटच नाहीशी होते. 'प्रवचन' लिहिलं की डोळ्यांसमोर सप्ताहाचा मंडप येतो. चर्चमध्ये मराठीत काय म्हणतात?

प्रतिसाद १
आमच्याकडे पाळकसाहेब देतात तो उपदेश किंवा संदेश. कुणीही उभं राहून स्वतःचा अनुभव सांगतं ती साक्ष. डर्बीत झाली ती साक्षच की.

धागाकर्ती
'साक्ष' झकास! पण डर्बीत शेवटी सारा लोकांना पापापासून पळा म्हणून विनवते. ते साक्षीत कसं बसवू?

प्रतिसाद २
तिथे 'बोध'. मराठी बायबलात एक्झॉर्टला 'बोध करणे' आहे, रोमकरांस पत्र १२:८ उघडून बघा. पहिल्यांदा येईल तिथे कंसात मूळ शब्द द्या, पुढे नुसतं बोध चालेल.