बायोडाटांची छाननी एआयवर किती सोडावी?

प्रश्न: एका पदासाठी ४०० बायोडाटा आलेत. चॅटजीपीटीकडून गुण देऊन यादी लावून घेतली तर चालेल का?

उत्तर १: गुण नकोत, फक्त माहिती काढून घ्या: अनुभवाची वर्षं, परवाने, नोटीस पिरियड. तोच बायोडाटा दोनदा दिला तरी गुण बदलू शकतात. आधी नाव, फोटो, वय, पत्ता, मोबाइल नंबर काढून टाका. निकष माणसांनीच ठरवायचे, तेही जाहिरातीआधी.

उत्तर २: बाद झालेल्यांतले निदान ३० अर्ज हाताने तपासाच. अ‍ॅमेझॉनची बायोडाटा छाननीची एआय प्रणाली 'विमेन्स' (महिलांचे) शब्द असलेले बायोडाटा खाली ढकलायची, हे २०१८ मध्ये उघड झालं. तिला शिकवायला वापरलेले जुने अर्ज बहुतांश पुरुषांचे होते. बाळंतपणामुळे नोकरीत पडलेला खंडही असाच मार खाऊ शकतो.

प्रश्नकर्ता: आणि नकाराचं पत्र?

उत्तर १: मसुदा करून घ्या, पण कारण मुलाखतीच्या नोंदींतूनच उचला. नोंद दिली नाही तर एआय कारण रचून मोकळं होतं.