प्रतिसाद: रविवारचा विसावा शनिवारी ठरतो
रविवारी चर्चच्या उपासनेहून आल्यावर साठलेली कामं उरकण्यातच दिवस जातो, असं वर कुणी म्हटलंय. खरी गडबड शनिवारी होते, आदल्या दिवशीची तयारी राहून जाते. बायबलमध्ये निर्गम 16 मध्ये सहाव्या दिवशी मान्ना (रानात देवाने दिलेलं अन्न) दुप्पट गोळा करायला सांगितलाय, तो याचसाठी, म्हणजे सातवा दिवस विसाव्याला मोकळा राहतो. आपल्या सोलापुरात तर सोय आयतीच आहे: कडक भाकरी आणि शेंगांची चटणी शनिवारीच करून ठेवा, रविवारी फक्त आमटी गरम करायची. नळाला पाणी नेमकं रविवारी आलं तर खुशाल भरा, मनाला लावून घेऊ नका. मार्क 2:27 वाचा: विसाव्याचा दिवस माणसासाठी आहे, माणूस त्या दिवसासाठी नाही. पण पाणी आलंय म्हणून धुणं काढू नका, दिवस तिथेच हातचा जातो. कामवाल्या मावशींनाही सुट्टी द्या, पगार न कापता. निर्गम 20:10 मध्ये दासदासींचा विसावा आज्ञेतच आहे.