भीमेच्या पात्रात तंबू ठोकून मुक्काम करावा काय?

प्रश्न
नमस्कार. जानेवारीच्या अखेरीस आम्ही चौघे मित्र हत्तरसंग कुडलजवळ, भीमा-सीनेच्या संगमापासून थोडे दूर, दोन रात्री तंबूत राहण्याच्या विचारात आहोत. नदीचे पात्र सरकारी असल्यामुळे तेथे कोणाला विचारावे लागत नाही, असे आमच्यातील एकाचे म्हणणे आहे. ते खरे आहे काय? शिवाय त्या दिवसांत पाऊस नसताना कोरड्या वाळूवर तंबू लावण्यास हरकत कोणती?

उत्तर १
मी कालवा निरीक्षक म्हणून नोकरी केली आहे, म्हणून वाळूविषयी आधी लिहितो. आपल्याकडे भीमा पावसाने कमी आणि धरणांच्या दारांनी जास्त वाहते. पिण्यासाठी किंवा शेतीसाठी उजनी धरणातून नदीत पाणी सोडले, अथवा वरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची (पाणी अडवण्यासाठी काढता-घालता येणारी दारे असलेल्या बुटक्या बांधाची) दारे काढली, की आभाळ निरभ्र असतानाही पाणी चढते. पावसाळ्यात तर उजनी बंद असली तरी वीर धरणाचे पाणी नीरेतून येऊन नरसिंहपूरला भीमेस मिळते. संध्याकाळी पाण्याच्या कडेला एक काठी रोवून ठेवावी. तासाभराने ती पाण्यात उभी दिसली, तर जेवण अर्धे टाकून सामान उचलावे. तंबू मात्र दरडीच्या, म्हणजे नदीच्या उंच काठाच्या, वरच लावावा. वाळूउपशाचे खड्डे वरून दिसत नाहीत, त्यामुळे अनोळखी ठिकाणी पोहायला उतरू नये.

उत्तर २
महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नदीचे पात्र राज्य शासनाच्या मालकीचे असते, एवढे आपल्या मित्राचे म्हणणे बरोबर आहे. परंतु दरडीवर पाऊल ठेवले की बहुधा कोणाचे तरी शेत लागते, आणि तेथे त्या दिवसांत हुरड्याला आलेली ज्वारी उभी असते. रात्री पात्रात दिवे दिसले की गावकऱ्यांना आधी वाळूचोरच आठवतात (आणि त्यात त्यांची चूक नाही). त्यामुळे उजेड असतानाच पोलीस पाटलांना भेटून चार नावे आणि गाडीचा क्रमांक सांगावा. इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख ज्या संगमेश्वर मंदिरात आहे, त्याच्या आवारात चूल किंवा तंबू नको.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. दरडीवर शेत आणि खाली पाणी, तर मग जागा कोणती पाहावी?

उत्तर ३
आम्ही एका शेतकऱ्याला विचारून त्यांच्या ज्वारीच्या कापून झालेल्या पट्टीत राहिलो होतो. तंबू अंथरण्यापूर्वी चप्पल घालून जमीन पायाने चाचपून घ्या, कारण वेड्या बाभळीचा काटा तंबूचे बूड आणि गाडीचे टायर दोन्ही फोडतो. आमचा तंबू पहिल्याच रात्री फाटला. चूल पेटवू नका. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही यांवर दोन दिवस सहज निघतात. पिण्याचे पाणी सोलापुरातूनच भरून न्या. शौचासाठी पाण्यापासून लांब खड्डा खणा, खाली गावांच्या पाणीयोजना आहेत.

प्रश्नकर्ता
पोलीस पाटलांना रविवारी भेटून येतो. काठीही नेऊ.