अनुभव धागा: मोकळा प्लॉट घेण्याआधी काय काय तपासायचं?

पारिजात: पावसात तुंबलेला एक प्लॉट दिसला आणि जागा शोधायचे दिवस आठवले, म्हणून हा धागा. सुरुवात मी करते. जागा भर पावसात पाहा, उन्हाळ्यात सगळ्याच कोरड्या दिसतात. ते जमलं नाही तर शेजारच्या कुंपणभिंतींवर ओल आणि लोणा (ओलीने भिंतीवर फुटणारा पांढरा क्षार) किती चढलाय ते बघा. घराचं जोतं (पायावरचा चौथरा) त्याच्या वर हवं. आता तुम्ही लिहा.

मुरूम: भराव!! वरून सपाट, खाली राडारोडा. चारी कोपऱ्यांत आणि मधे दीड-दोन मीटर खड्डे घ्या. आत उतरू नका, कडा ढासळतात, निघालेली माती बघा. विटांचे तुकडे, प्लास्टिक, कुजका काळा थर लागला की भरावच. एका टोकाला अर्धा मीटर आणि दुसऱ्या टोकाला दोन मीटर भराव असेल तर घर एका बाजूला जास्त खचतं, भिंतींना तिरपे तडे जातात. पाया खालच्या मूळ जमिनीपर्यंत न्यावा लागतो. तो खर्च जागेच्या किमतीत धरूनच बोलणी करा.

शाडू: माती फुगणारी आहे का? ४२५ मायक्रॉन चाळणीतून चाळलेली सुकी माती, १०-१० ग्रॅम. एका मोजपात्रात पाणी, दुसऱ्यात रॉकेल, २४ तास. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. तिथे १२ मिली आणि पाण्यात १८ भरली तर ५० टक्के फुगली. असल्या मातीत साधा उथळ पाया नकोच.

ओळंबा: कर्ण मोजा. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि कर्णांत फरक, म्हणजे प्लॉट तिरका. शिवाय सामासिक अंतर (घराभोवती नियमाने मोकळी सोडायची जागा) वजा करा. समजा ९ × १५ मीटर जागा, पुढे ३ आणि बाकी तिन्हीकडे दीड-दीड सोडायचं, तर उरतं ६ × १०.५. १३५ पैकी ६३ चौ.मी.

पारिजात: @ओळंबा बापरे, निम्म्याहून कमी!

नळजोड: सांडपाणी राहिलं की! रस्त्यावरच्या चेंबरचा तळ किती खोल आहे ते मोजा. १०० मिमी पाइपला ६० ला १ उतार धरला तर २४ मीटरला ४० सेंमी जातात. प्लॉट रस्त्याच्या पातळीपेक्षा इतका खाली असेल की चेंबरपर्यंत हा उतार मिळत नाही, तर मैला कायम पंपाने चढवावा लागेल. पातळी लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेली पारदर्शक नळी) काढा.

घाईत: ट्यूबमध्ये बुडबुडा राहिला की माप चुकतं. आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का बघा

शाडू: थोडी नीळ टाका पाण्यात, उन्हात रेष लगेच दिसते.

ओळंबा: आणि ताजा तोडलेला मोठा बुंधा दिसला तर विचारा, झाड कधी गेलं. चिकण मातीत झाडाने ओढलेला ओलावा हळूहळू परत येतो आणि जमीन पुढे काही वर्षं वर उचलत राहते.