ब्रिटनने बालआरोग्य कौन्सिलांच्या हातून काढून घेतलं, ते चुकलंच

गावकुस
एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, म्हटलं की सगळ्यांना १९४८ ची मोफत इस्पितळं आठवतात. पण त्याच योजनेत तान्ह्या मुलांचे दवाखाने, घरोघर जाणाऱ्या हेल्थ व्हिजिटर परिचारिका, सुईणी आणि लसीकरण काउंटी (जिल्हा) व काउंटी बरो (मोठं शहर) यांच्या स्थानिक कौन्सिलांकडेच राहिलं होतं. शाळेतली तपासणी शिक्षण खात्याची, तरी बहुतेक ठिकाणी कौन्सिलचा आरोग्य अधिकारीच शाळांचाही मुख्य डॉक्टर असे. मूल जन्मलं की ३६ तासांत त्याच्या कचेरीला कळवायचं. घरी येणारी हेल्थ व्हिजिटर त्याची, शाळेत डोळे-कान तपासणारा डॉक्टरही त्याच्याच हाताखालचा. बाळ ते शाळकरी पोर, सगळ्याचा जाब विचारायला गावातच एक माणूस होता. १९७४ ला ते पदच मोडीत काढलं. माझ्या मते घोडचूक.

तिरपागडा
साथी, सांडपाणी आणि अन्नभेसळ सांभाळणाऱ्या माणसाच्या कुठल्या रकान्यात अंथरूण ओलं करणारं पोर बसवणार? १९३९ ला बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने शहरातली मुलं खेड्यांत पाठवली, तेव्हा परक्या घरांत हेच प्रश्न उघड्यावर आले. बालमार्गदर्शन, म्हणजे मुलांच्या मनाच्या आणि वागण्याच्या अडचणींवरचा इलाज, तर त्याच्याही आधीचं. १९२७ ला पूर्व लंडनमध्ये डॉ. इमॅन्युएल मिलर यांनी ज्यू आरोग्यसंस्थेच्या आधारावर केंद्र सुरू केलं. तुमच्या आरोग्य अधिकाऱ्याला ते सुचलं नव्हतं.

गावकुस
आणि १९३२ ला बर्मिंगहॅमने स्वतःच्या खर्चाने केंद्र चालवायला घेतलं, ती कौन्सिल नव्हती काय? माझाच मुद्दा मांडताय राव!

तिरपागडा
शिक्षण समितीने घेतलं, आरोग्य समितीने नव्हे. एका छपराखाली दोन चुली होत्या, हे सोयीस्करपणे विसरू नका.

सईबाई
दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. खरी गंमत पगारात होती. केंद्रात तिघं लागत: मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकार क्षेत्रातली सोशल वर्कर. १९४८ नंतर पहिल्याचा पगार बहुधा इस्पितळांच्या प्रादेशिक मंडळाकडून, मानसशास्त्रज्ञाचा शिक्षण खात्याकडून. मग प्रमुख कोण? डॉक्टर म्हणणार मी, कारण मी डॉक्टर. मानसशास्त्रज्ञ म्हणणार, मूल शाळेने पाठवलंय आणि शाळा मी ओळखतो. त्यात १९४८ च्याच बालक कायद्याने आईबापांविना राहिलेल्या मुलांसाठी वेगळा चिल्ड्रन्स ऑफिसर आणला. अशा अडचणीतल्या मुलांसाठी १९५० ला नेमलेल्या अंडरवुड समितीने १९५५ ला अहवाल दिला. प्रत्येक शिक्षण प्राधिकरणाच्या भागात बालमार्गदर्शनाची सेवा हवी आणि ती शालेय आरोग्याशी जोडलेली हवी, असं तिचं म्हणणं. चांगलंच होतं. पण तेवढे मनोविकारतज्ज्ञ आणायचे कुठून?

वाचनमात्र
जाता जाता: मुंबईत १९३७ ला सर दोराबजी टाटा स्कूलने बालमार्गदर्शन केंद्र काढलं. तेही महापालिकेने नव्हे. तिरपागडा यांना एक गुण.

गावकुस
गुण घ्या. पण घटसर्पाचं काय? १९४० पासून लसीची मोहीम निघाली. त्याआधी इंग्लंड-वेल्समध्ये दरवर्षी हजारो मुलं दगावत, पन्नाशीच्या दशकात मृत्यू जवळपास थांबले. लस टोचली कुणी? कौन्सिलच्या दवाखान्यांनी आणि शाळांनीच. घरचा पत्ता आणि आईचा स्वभाव ठाऊक असलेली बाई दारात गेल्याशिवाय ते झालं नसतं.

तिरपागडा
लस सगळ्यांना एकच असते हो. श्रीमंत काउंटीतल्या पोराला केंद्र मिळायचं आणि शेजारच्या बरोतल्या पोराला नुसती प्रतीक्षायादी, याला स्थानिक कारभाराचं कौतुक म्हणायचं का? जाब गावात विचारता येतो, मान्य. पण गावाकडे पैसाच नसेल तर कितीही विचारा.

गावकुस
मग पैसा वरून द्यायचा होता, माणसं कशाला वाटून टाकलीत? १९७१ ला सोशल वर्कर नव्या सोशल सर्व्हिसेस खात्यात गेल्या. १९७४ ला हेल्थ व्हिजिटर आणि शाळेचे डॉक्टर एनएचएसमध्ये. मानसशास्त्रज्ञ शिक्षण खात्यातच राहिले. सईबाईंनी दोन तिजोऱ्यांचं भांडण सांगितलं, तिथे आता तीन खाती बसली.