जेवणाची खोली नव्यानं करताना: तुमचे अनुभव सांगा

दिवाळीनंतर आमच्या घरातली जेवणाची खोली नव्यानं करायची ठरली आहे. घर तिवसा तालुक्यातल्या खेड्यातलं. पुढचा भाग मातीचा, मागचा स्लॅबचा. सध्या जेवण होतं ते जिथं जागा मिळेल तिथं: सैपाकघराच्या दारात, ओसरीत, उन्हाळ्यात कूलरसमोर. माजघर आहे दहा बाय चौदाचं, पण कापूस वेचून आला की भाव येईपर्यंत तो तिथंच पडलेला असतो. यंदा कापसासाठी मागं टिनाची वेगळी खोली काढली, म्हणून माजघर मोकळं झालं.

सासूबाईंना आता खाली बसवत नाही, मुलांना टेबल हवं आहे आणि भाद्रपदात महालक्ष्म्या असतात. आंबील, कथली, सोळा भाज्या, पुरणपोळी, आणि पंगतीला सगळं गणगोत. वर्षभर सहा माणसांना पुरणारी खोली त्या दिवशी पंगतीची झाली पाहिजे.

मोबाइलवर दिसतात त्या खोल्या शहरातल्या फ्लॅटच्या. आपलं ऊन, आपली काळी माती, आपली जेवायची रीत धरून कुणी काय केलं ते मला ऐकायचं आहे. काम कोणत्या क्रमानं केलं, पैसा कुठं लावला, कुठं हात आखडता घेतला, हेही लिहा.

दर्यापूरहून

ताई, टाइल्स आणि रंग नंतर बघा, आधी पाणी बघा. तुमच्याकडे गोडं पाणी असेल तर तुम्ही सुखी. आम्ही खारपाणपट्ट्यातले. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे आणि बोअरचं पाणी खारट लागतं. ते पाणी सिमेंटमध्ये कालवलं की प्लॅस्टरला लोणा धरतो. भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत पांढरी भुकटी फुटते, रंगाचे पोपडे निघतात आणि ते पोपडे जेवणाऱ्याच्या ताटाशेजारी पडतात. सळई गंजते ती वेगळीच. आम्ही माल कालवायलाही आणि क्युरिंगलाही टँकरचं गोडं पाणी आणलं. खर्च वाढला, पण त्या पैशाचं मला वाईट वाटत नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट फरशी बसवली की दोन पावसाळ्यांत ती मधोमध उचलते. आम्ही जोत्याच्या आतली काळी माती उकरून काढली, मुरूम थराथरानं टाकून पाणी मारून धुमसला, त्यावर गिट्टीचं कोबा काँक्रीट केलं आणि मग फरशी. मिस्त्रीला घाई होती. वडील खुर्ची टाकून समोर बसले आणि प्रत्येक थर त्यांच्या देखत धुमसून घेतला.

सेलूहून, वर्धा जिल्हा

मातीचा भाग पाडू नका, एवढीच माझी विनंती. सेवाग्राम आमच्यापासून जवळ. १९३६ साली गांधीजी तिथं राहायला आले. त्या काळातली बापूकुटी, म्हणजे त्यांची राहायची झोपडी, माती-बांबू-कवेलूची (छपराच्या मातीच्या कौलांची) आहे. मे महिन्यात तिच्यात पाच मिनिटं टेका, मग स्लॅबच्या खोलीत येऊन बसा. फरक अंगाला कळतो.

आमच्या जेवणाच्या खोलीची पश्चिमेची भिंत दीड फुटी मातीची होती. तीच ठेवली, आतून माती-शेणाचा गिलावा नव्यानं केला आणि त्या बाजूला खिडकी काढलीच नाही. खिडक्या उत्तरेला आणि पूर्वेला. मागच्या स्लॅबवर दर उन्हाळ्याच्या तोंडी चुन्याचे दोन हात मारतो. पारा पंचेचाळिसाच्या पुढं गेला की दुपारचं जेवण कुठं घ्यायचं, हा आमच्याकडे आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही.

नागभीडहून

मी सुतार नाही, पण टेबल घरच्या लाकडाचं झालं त्याची हकीकत सांगतो. आजोबांच्या कवेलूच्या घराच्या सागवानी मयाली, म्हणजे छताच्या तुळया, गोठ्यात पडून होत्या. चुलीच्या धुरानं काळ्याकुट्ट. घरचे म्हणत होते सरपणाला काढा.

आरा मशीनवाला जुनं लाकूड घ्यायला तयार नव्हता, कारण आत खिळा असला की पट्टीचे दात जातात. मग मयालीवर लोहचुंबक फिरवत गेलो. चुंबक अडकला की तिथं खडूची खूण, मग पटाशी आणि पकडीनं खिळा बाहेर. काही खिळे लोहारानं ठोकलेले, चौकोनी अंगाचे. सगळे निघाल्यावर लाकूड मशीनवर गेलं. पहिली फळी सुटली तेव्हा आतून सोनेरी तपकिरी रंग, मधून काळसर रेषा आणि सागाचा तो तेलकट वास. इतक्या वर्षांत त्याला वाळवी शिवली नव्हती. आजची बाजारातली कोवळी लाकडं बघितली की या मयालींची किंमत कळते.

पॉलिशऐवजी जवसाचं उकळलेलं तेल लावलं. हार्डवेअरच्या दुकानात डबल बॉइल्ड म्हणून मिळतं. फडक्यानं पातळ हात द्यायचा, उरलेलं पुसून काढायचं, सुकलं की पुढचा हात. तर्री सांडली तर लगेच पुसायची. हळदीचा डाग राहिलाच तर तेवढीच जागा घासून परत तेल. चकचकीत पॉलिशवर असं डागापुरतं काम करता येत नाही.

आणखी एक. शेतातला साग तोडून टेबल करायचं मनात असेल तर झाड स्वतःच्या मालकीचं असलं तरी वनखात्याची परवानगी लागते आणि लाकूड हलवायला वाहतूक परवाना. सुताराला आगाऊ देण्याआधी हे करून घ्या.

भंडाऱ्याजवळून

आम्ही टेबल घेतलं नाही. धानाच्या हंगामात घरात माणसं किती जेवतील याचा नेम नसतो, आणि जमिनीवर बसणाऱ्याला जागा करून देता येते. पैसा भिंतीतल्या कपाटात घातला. भंडारा पितळेचं गाव, आईची ताटं-वाट्या सगळी पितळी. ती पेटीत बंद होती, आता हाताशी आहेत. वर्षातून दोनदा कल्हईवाला शोधावा लागतो, तेवढंच.

धागा काढणारी, तिवश्याहून

सगळ्यांचे आभार. मुरुमाचं आजच मिस्त्रीशी बोलले. इकडं आम्ही माजघरात चुन्याच्या रेघा ओढून बघितल्या, त्यातून निघालं ते लिहिते. सहा जणांचं टेबल पाच बाय तीन फुटांचं. खुर्ची मागं ओढून उठायला आणि मागून कुणी वाढत जायला तीन फूट लागतात. म्हणजे टेबल मधोमध ठेवलं तर नऊ फूट रुंदी गेली. भिंतीला लागून बाक केला तर तिकडचे तीन फूट दीडावर येतात.

पंगतीचं गणित: माणसाला रुंदीत दोन फूट, पाट आणि ताट मिळून साडेतीन फूट, समोरासमोर दोन पंगती आणि मधून वाढणाऱ्याला तीन. बेरीज दहा. माजघर बरोबर तेवढंच आहे. म्हणून टेबल घडीचं, भिंतीला टेकवून ठेवता येईल असं, आणि बाक पेटीसारखा, आत पाट ठेवायला.

दारव्ह्याहून

माझा अनुभव भिंतीचा. आमच्या घरी पुरुष आणि मुलं आधी, बाया मागून, चुलीपाशी उरल्यासुरल्यात. ते कुणी वाईट म्हणून नव्हे. सैपाकघर आणि जेवणाची जागा यांच्यामध्ये भिंत होती, गरम पोळी द्यायला सारखं उठावं लागायचं, त्यामुळे करणारीला बसायला वेळच येत नसे. मी आर्किटेक्टला एवढंच सांगितलं की भाकरी टाकणारी आणि खाणारे एकमेकांना दिसले पाहिजेत.

भिंत मातीची होती आणि वरचा सगळा भार तिच्यावर. अशी भिंत सरळ फोडू नये. आधी दोन्ही बाजूंनी लाकडी टेके देऊन मयाली उचलून धरल्या, दोन टोकांना विटांचे खांब बांधले, त्यावर लोखंडी गर्डर टाकला आणि खांब पक्के झाल्यावर खालची भिंत काढली. खर्चाचा मोठा वाटा इथंच गेला. टाइल्स त्यासाठी साध्या घेतल्या. खाली तीन फुटी भिंत ठेवून तिच्यावर कडप्पा बसवला. पातेली त्याच्यावर येतात आणि ज्याला हवं तो हातानं घेतो.

सासूबाईंनी आधी विरोध केला. "मायं, सैपाकघर असं उघडं टाकते का कोणी?" धूर आणि फोडणीचा ठसका बाहेर येईल ही त्यांची खरी काळजी होती, म्हणून चुलीच्या डोक्यावर मोठा एक्झॉस्ट बसवला. आता रात्री आम्ही सात जण एकदम बसतो. सासूबाईंची खुर्ची हातांची, अठरा इंच उंच. तिच्या हातांवर जोर देऊन त्या कुणाचा आधार न घेता उठतात.

अकोटहून

थोडक्यात. टेबलावर लोंबता दिवा आणि पंखा दोन्ही नको. दिवा पंख्याच्या पात्यांच्या वर आला की ताटावर सावली लपलपते आणि डोकं दुखतं. आम्ही पंखा मधोमध ठेवला, दिवे भिंतींवर. दोन दिवे आणि पंखा इन्व्हर्टरवर, कारण शेतपंपाची थ्री-फेज वीज पाळीनं रात्री येते, तेव्हा शेताकडं जाणाऱ्याला अवेळी जेवावं लागतं. खिडक्यांना जाळी लावा. गोठा जवळ असेल तर माश्यांवर दुसरा उपाय नाही.

मेहकरहून

बेसिनचं कुणी लिहिलं नाही. ते खोलीच्या आत घेऊ नका, दाराबाहेर ओसरीत घ्या. चूळ भरण्याचा आवाज जेवणाऱ्याला नको असतो आणि शेतातून आलेला माणूस बाहेरच हातपाय धुऊन आत येतो. उंची बत्तीस इंच, आणि मुलांसाठी खाली वेगळा नळ. पाणी गटारात न सोडता शोषखड्ड्यात सोडलं, पण काळ्या मातीत नुसता खड्डा पाणी पीत नाही. मुरूम लागेपर्यंत खोल जावं लागलं, मग तळाला मोठे दगड, वर गिट्टी, वर रेती. मध्ये एक लहान टाकी ठेवली, खरकटं तिच्यात अडतं आणि आठवड्याला काढून उकिरड्यावर जातं.

दारव्ह्याच्या ताई, गर्डर कोणत्या मापाचा घेतला आणि दोन खांबांत अंतर किती आहे? आमचीही मधली भिंत मातीचीच आहे, पण वर अटाळा (माळा) आहे आणि त्यात धान्याच्या कोठ्या.