चर्चा: नाशिकच्या कलासंग्रहालयात परदेशी आणि स्वतंत्र सिनेमे दाखवावेत का?

गोदाकाठ
पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळक्यांचं स्मारक आहे, गावात चित्रप्रदर्शनांसाठी दालनं आहेत. तरी इराणी किंवा जपानी सिनेमा मोठ्या पडद्यावर बघायचा तर आपण पुण्या-मुंबईची गाडी धरतो. कलासंग्रहालयानं दर महिन्याला एक असा सिनेमा दाखवावा, आणि तो उपक्रम म्हणून नाही, तर स्वतःचं काम म्हणून. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं 1935मध्येच फिल्म लायब्ररी सुरू केली, कारण चित्र-शिल्पासारखा सिनेमाही जपायचा आणि दाखवायचा असतो हे त्यांना पटलं होतं. आणि आपण तर फाळक्यांच्या गावचे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या माणसानं मुंबईत ‘द लाइफ ऑफ ख्राइस्ट’ हा परदेशी मूकपट पाहिला आणि सिनेमा करायचं मनात घेतलं. 1913च्या ‘राजा हरिश्चंद्र’मागे एक परदेशी सिनेमा आहे. आज इथल्या मुलाला तसं काही अचानक समोर येण्याची सोय कुठे आहे?

सिडकोकर
फाळक्यांचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. त्यांनी तो सिनेमा चार लोकांसारखं तिकीट काढून पाहिला, संग्रहालयात नाही. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत शिफ्ट करणारा माणूस कलादालनाचं दार ढकलत नाही, आपल्याला आत काय कळणार असं त्याला वाटतं. तिथे दाखवलेला सिनेमा गंगापूर रोड, कॉलेज रोडसारख्या सुखवस्तू भागापुरताच राहील. दुसरं, परदेशी आधी कशाला? ‘कोर्ट’ला 2014मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात पुरस्कार मिळाला, ‘साबर बोंडं’ला 2025मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात. आपल्याच भाषेतले सिनेमे आहेत. आधी ते दाखवा, तेही वस्तीतल्या सभागृहात.

जलरंग
माझी हरकत वेगळी आहे, मी चित्रकलेच्या बाजूनं बोलतोय. नाशिकला जलरंगाची परंपरा आहे, शिवाजी तुपे यांच्यासारख्यांनी गोदेचा घाट कागदावर उतरवला. कागदावरच्या जलरंगाला 50 लक्सहून (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड चालत नाही, हवेतली आर्द्रता वरखाली झाली की कागद फुगतो, बुरशी धरते. बंद दालनात शंभर माणसं दोन तास बसली तर तिथली हवा काय होईल? आवाजाचंही तसंच. उघड्या भिंती आणि गुळगुळीत फरशी असली की संवाद घुमतात, निम्मे कळत नाहीत.

गोदाकाठ
जलरंग, हे मान्य. पडदा चित्रांच्या दालनात लावायचाच नाही, वेगळी खोली हवी, भिंतींना जाड पडदे हवेत. ती नसेल तर बांधेपर्यंत थांबू, पण चित्रं पणाला लावायची नाहीत. सिडकोकर, मराठी सिनेमे हवेतच, ‘स्वतंत्र’मध्ये ते येतातच. पण आधी आपलं, मग परक्यांचं असा क्रम मला पटत नाही. ‘कोर्ट’ ज्यानं बनवला तो काय फक्त मराठी सिनेमे बघून मोठा झाला असेल?

मेनरोड
आता सगळं मोबाइलवर मिळतं, यासाठी कोण घराबाहेर पडणार?

बालकनी
मेनरोड, मिळतं आणि बघून होतं यात फार अंतर आहे. संथ सिनेमाला घरी दहाव्या मिनिटाला फोन वाजतो आणि तो तिथेच राहतो. अंधारात अनोळखी माणसांसोबत बसलं की उठता येत नाही, आणि विसाव्या मिनिटानंतर तो संथपणाच आवडायला लागतो. संपल्यावर शेजारचा म्हणतो, ‘शेवट मला नाही पटला’, आणि बाहेर चहावर तासभर बोलणं होतं. त्यासाठी मी कितीही लांब जाईन.

परवाना
उत्साहात एक गोष्ट सुटतेय. पेन ड्राइव्ह आणून लावला, असं चालत नाही. 1952च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार सार्वजनिक खेळाला प्रमाणपत्र लागतं किंवा तशी सूट, शिवाय हक्कधारकाची परवानगी. तिकीट नसलं तरीही. यावर जुना रस्ता म्हणजे फिल्म सोसायटी, म्हणजे सभासदांनी मिळून सिनेमे बघायची संस्था. त्यांचा महासंघ 1959पासून आहे, मुंबईचं प्रभात चित्र मंडळ 1968पासून. मॅक्स म्युलर भवन या जर्मन सांस्कृतिक केंद्रासारख्या संस्था अशा खेळांना सिनेमे देतात. संग्रहालयानं जागा द्यावी, सिनेमे सोसायटीनं निवडावेत. निवड एकाच अधिकाऱ्याच्या आवडीवर सोडू नये, हे मी ठामपणे म्हणेन.

वाचनवेडी
आणि पडद्यावरच्या खालच्या ओळी, म्हणजे सबटायटल्स, इंग्रजीत असल्या तर? माझ्या आईला वाचनाची प्रचंड आवड, पण पडद्यावरचं इंग्रजी वाचेपर्यंत पुढचं दृश्य येतं. मग ती माझ्याकडे बघत बसते. फ्रेंच सिनेमा मराठी ओळींसह दाखवला तर सिडकोकर म्हणतात ते दार निम्मं तरी उघडेल. हक्कधारकाची परवानगी घेऊन भाषांतर इथल्याच मराठीच्या विद्यार्थ्यांकडून करून घ्यावं, त्यांना मानधन द्यावं. महिन्याला एक सिनेमा म्हणजे हे आवाक्यातलं काम आहे. या धाग्यात याच्यावर सगळ्यात कमी बोललं गेलंय आणि मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

सिडकोकर
मराठी ओळी असतील तर मी येईन, घरच्यांनाही आणेन. पण जागेचं माझं म्हणणं कायम आहे. तोच सिनेमा त्याच आठवड्यात एकदा संग्रहालयात आणि एकदा आमच्या सिडको वस्तीतल्या सभागृहात लावा. परवानगी घेतानाच दोन खेळांची मागा.

गोदाकाठ
दोन खेळांना खर्च वाढेल, प्रोजेक्टर हलवावा लागेल. तरी मागू. मात्र पहिला खेळ संग्रहालयातच, यावर मी अडून आहे.

सिडकोकर
आणि मी पहिला सिडकोत, यावर.